बासनातली तबकडी

गाणी ध्वनिमुद्रित झाली होती. अल्बमचं नाव ठरलं होतं. प्रचाराच्या दौऱ्यासाठी विमानाची तिकिटं घरी येऊन पडली होती. मग कंपनीतून फोन आला: अल्बम काढायचा नाही असं ठरलंय, तिकिटं परत पाठवा. अमेरिकन गायिका बेटी लव्हेटने फोन ठेवला आणि ती जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसली. काही दिवस तिथेच राहिली. मित्रमंडळी येत आणि वाकून तिला वाईन देत. ही हकिगत तिने मुलाखतींत अनेकदा सांगितली आहे, आत्मचरित्रातही लिहिली आहे. आता ती सांगताना ऐकणारे हसतात, कारण हसवायचं कसं हे तिला पक्कं ठाऊक आहे.

अल्बमचं नाव 'चाइल्ड ऑफ द सेव्हन्टीज'. सत्तरच्या दशकाचं अपत्य! ध्वनिमुद्रण १९७२चं. लोकांच्या हातात पडला २००० साली, तोही फ्रान्समधल्या एका संग्राहकाच्या चिकाटीमुळे आणि भलत्याच नावाने.

संपादकांनी यंदाच्या अंकाचं सूत्र कळवलं, 'राहून गेलेलं'. कुणी राहून गेलेल्या प्रवासावर लिहील, कुणी न दिलेल्या पत्रावर. मला ही बाई आठवली. माझी मावसबहीण अलाबामा राज्यातल्या हंट्सव्हिलला राहते, तिचा नवरा तिथे रॉकेटच्या इंजिनांशी संबंधित काहीतरी करतो. त्या शहरात निम्मी मंडळी असलंच काहीतरी करतात. तिथून पश्चिमेला दीड-एक तासावर, टेनेसी नदीच्या काठी, ती गाणी जिथे गायली गेली ती इमारत अजून उभी आहे. तेव्हा गेले.

शवपेट्यांचं दुकान

रस्ता कापसाच्या शेतांमधून जातो. विदर्भातल्या माणसाला परकं वाटू नये असा कापूस, फक्त वेचायला यंत्रं. मध्येच लेटन नावाचं छोटं गाव लागतं. पर्सी स्लेज इथला. दिवसा तो इस्पितळात रुग्णांची सेवा करायचा आणि सुट्टीच्या दिवशी गायचा. १९६६ साली त्याचं 'व्हेन अ मॅन लव्हज अ वुमन' याच भागातल्या एका स्टुडिओत मुद्रित झालं आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. तेव्हापासून न्यूयॉर्कच्या कंपन्यांना या भागाचा पत्ता पाठ झाला.

पत्ता तसा घोटाळ्याचा आहे. फ्लॉरेन्स, शेफील्ड, टस्कंबिया आणि मसल शोल्स अशी चार गावं एकमेकांना चिकटून आहेत. टस्कंबिया हेलन केलरचं जन्मगाव. 'ताई, इथे येणारे लोक हेलन केलरचं घर बघतात, ती पाण्याची हापशी बघतात,' मावसबहीण म्हणाली, 'तू पहिलीच बघतेय मी, जी टेप बघायला आलीस.' टेप इथे नव्हतीच. पण तो मुद्दा पुढचा.

मसल शोल्स साउंड स्टुडिओ प्रत्यक्षात शेफील्डमध्ये आहे. पत्ता ३६१४ जॅक्सन हायवे. बाहेरून बघाल तर गावातल्या सहकारी पतपेढीची शाखा वाटावी अशी बुटकी, चौकोनी, दगडी दर्शनी भिंतीची इमारत. स्टुडिओ होण्याआधी इथे शवपेट्या मांडून ठेवलेल्या असत. १९६९ साली चार वादकांनी ती जागा घेतली: ड्रम्सवर रॉजर हॉकिन्स, बेसवर डेव्हिड हूड, गिटारवर जिमी जॉन्सन, पियानो आणि ऑर्गनवर बॅरी बेकेट. तोवर चौघेही शेजारच्याच गावात रिक हॉल यांच्या 'फेम' स्टुडिओत पगारावर वाजवत. अटलांटिक रेकॉर्ड्सच्या जेरी वेक्सलर यांनी त्यांच्या पाठीशी पैसा उभा केला आणि हे वेगळे झाले. त्याच वर्षी डिसेंबरात रोलिंग स्टोन्स इथे येऊन 'ब्राउन शुगर' आणि 'वाइल्ड हॉर्सेस' मुद्रित करून गेले. त्यामुळे आज येणारे बहुतेक पर्यटक न्हाणीघराचा फोटो काढतात, कारण 'वाइल्ड हॉर्सेस'चं उरलेलं काम कीथ रिचर्ड्सने तिथे बसून पुरं केलं म्हणतात. मी नाही काढला. आमच्या तुकडीतल्या बाकी सगळ्यांनी काढला.

आत एकच मोठी खोली आहे, आणि 'मोठी' म्हणजे दादरच्या एखाद्या लग्नाच्या हॉलमधल्या वरपक्षाच्या खोलीएवढी. कोपऱ्यात ड्रम्ससाठी आडोसा, एका बाजूला पियानो, गायकासाठी काचेची खिडकी असलेलं खुराडं, पलीकडे यंत्रांची खोली. छत ठेंगणं. खाली तळघर, जिथे मंडळी बसत आणि दारू दडवून ठेवत, कारण तेव्हा या जिल्ह्यात दारूबंदी होती. हा सगळा जामानिमा सत्तरच्या दशकात होता तसा पुन्हा मांडला आहे. १९७८ साली वादक नदीकाठच्या मोठ्या इमारतीत गेले आणि ही जागा इतर धंद्यांकडे फिरत राहिली. २०१३ साली या गावांवर एक माहितीपट निघाला, पैसे उभे राहिले, आणि २०१७ पासून ती संग्रहालय म्हणून खुली आहे.

मला बघायचं होतं ते काम कसं चालायचं हे. पाहुणा गायक येई. वादकांनी गाणं बहुतेक वेळा आधी ऐकलेलंही नसे. नमुन्याची टेप एकदा-दोनदा वाजे, आणि ऐकता ऐकता कागदावर स्वरमेळ उतरवले जात, नावाने नव्हे तर आकड्यांनी: पहिला, चौथा, पाचवा. म्हणजे आपल्याकडे गवयाने काळी चार म्हटली काय की पांढरी पाच, पेटीवाला 'सा' तिथे नेतो आणि बंदिश तीच राहते, तसं. गायिकेच्या गळ्याला सूर वर पडतोय असं दिसलं की आकडे तसेच ठेवून सगळे एका दमात खाली सरकत. मग चौघे एकत्र वाजवत, गायिका काचेआडून सोबत गाई, आणि अशा दोन-चार फेऱ्यांत गाण्याचा सांगाडा उभा राही. ट्रम्पेट, सॅक्सोफोन, व्हायोलिनं नंतर वेगळी चढवत. लव्हेटच्या अल्बमवर ट्रम्पेट-सॅक्सोफोनचं काम मेम्फिस हॉर्न्स या वादकांनी केलं.

आणखी एक गोष्ट, जी आमच्या गाईडने ओझरती सांगितली आणि जिच्यावर खरं तर थांबायला हवं होतं. ते चारही वादक गोरे होते. राज्यपाल जॉर्ज वॉलेस यांनी १९६३ साली याच राज्यात वंशभेद कायम राहील अशी गर्जना केली होती. त्याच राज्यातल्या या खोलीत काळ्या गायकांच्या पाठीशी गोरी मुलं वाजवत होती, आणि ऐकणाऱ्याला वाटे सगळे काळेच आहेत. दार बंद झालं की आत हिशेब निराळा असे. बाहेर पडल्यावर मात्र जग होतं तिथेच.

दिवाणखान्यातला ज्यूकबॉक्स

सोल संगीत चर्चमधून आलं, हे वाक्य प्रत्येक पुस्तकात असतं. देवासाठी म्हणायची गाणी माणसासाठी म्हटली की सोल झालं. अरेथा फ्रँकलिन धर्मोपदेशकाची मुलगी, सॅम कुक धर्मोपदेशकाचा मुलगा. चर्चमध्ये गळा तयार व्हायचा, श्रोत्यांना हलवायचं कसं हेही तिथेच कळायचं.

बेटी लव्हेट चर्चमध्ये गायलीच नाही. बेटी जो हॅस्किन्स या नावाने ती २९ जानेवारी १९४६ रोजी मिशिगनमधल्या मस्कीगन गावी जन्मली. आई-वडील घरातच मक्याची दारू विकत, आणि दिवाणखान्यात ज्यूकबॉक्स होता. रविवारी चर्चमध्ये गाणाऱ्या नामांकित मंडळ्यांतले गायक कार्यक्रम आटपून याच घरी गुपचूप घसा ओला करायला येत. ही पोरगी त्यांच्या मांड्यांवर बसून मोठी झाली. तेव्हा तिच्या कानावर भजनं गाणारे गळे पडले खरे, पण गुत्त्यात. मला वाटतं तिच्या आवाजातला कोरडेपणा तिथला आहे. अरेथा गाते तेव्हा वर कुणीतरी ऐकतंय असा भरवसा असतो. लव्हेट समोर बसलेल्या माणसाशी बोलते, आणि त्याच्यावर तिचा फारसा विश्वास नसतो.

पुढे कुटुंब डिट्रॉइटला गेलं. १९६२ साली, सोळाव्या वर्षी, तिचं पहिलं गाणं 'माय मॅन, ही इज अ लव्हिंग मॅन' मुद्रित झालं, अटलांटिकने उचललं, आणि काळ्या संगीताच्या यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेलं. १९६५ साली दुसऱ्या कंपनीसाठी 'लेट मी डाउन ईझी' गायली. एवीतेवी सोडून जाणारच आहेस, तर निदान हळुवारपणे जा, असं सांगणारं गाणं. तिची ओळख म्हणून आजही हेच गाणं सांगतात. त्यानंतर एक कंपनी, मग दुसरी, मग तिसरी. एक सिंगल, थोडं यश, करार संपला. अल्बम एकही नाही.

म्हणून १९७२ साली अटलांटिकने आपल्या अटको या शाखेसाठी तिला पुन्हा घेतलं आणि निर्माता ब्रॅड शपिरोबरोबर अलाबामाला पाठवलं, तेव्हा तो तिच्या आयुष्यातला पहिला पूर्ण अल्बम होणार होता. दहा वर्षांनी!

सिंगलचा धंदा

लव्हेट स्वतःच्या नशिबाला गिधाडाचं नशीब म्हणते: शिकार मारता येत नाही आणि आपणहून कुणी मरतही नाही. म्हण मजेदार आहे. तरी मला ती पटत नाही. नशिबाला कार्यालय नसतं. अल्बम न काढण्याचा निर्णय न्यूयॉर्कच्या एका कार्यालयात, पगारी माणसांनी घेतला. कारण मात्र तिला कधीच सांगितलं गेलं नाही.

तरी तो निर्णय ज्या बाजारात झाला तो समजण्यासारखा आहे. साठच्या दशकात काळ्या कलावंतांचा धंदा सिंगलवर चाले. दोन्ही बाजूंना एकेक गाणं असलेली छोटी तबकडी काढायची, काळ्या श्रोत्यांच्या रेडिओ केंद्रांवर वाजवून घ्यायची, ज्यूकबॉक्समध्ये टाकायची. चालली तर दुसरी. दोन-तीन चालल्या तर त्यांच्याभोवती उरलेली गाणी भरून मोठी तबकडी. अल्बम ही स्वतंत्र कलाकृती असू शकते ही समजूत गोऱ्या रॉक मंडळींची. आयझॅक हेजने १९६९मध्ये आणि मार्व्हिन गेने १९७१मध्ये ती मक्तेदारी मोडून दाखवली, पण मार्व्हिनलाही त्यासाठी मोटाउन कंपनीशी झगडावं लागलं होतं.

अटलांटिकही बदललं होतं. १९४७ साली अहमत एर्टेगन आणि हर्ब अब्रॅमसन यांनी सुरू केलेली ही कंपनी काळ्या संगीतावर वाढली. १९६७ साली ती विकली गेली आणि मोठ्या उद्योगसमूहाचा भाग झाली. आता तिच्याकडे लेड झेपलिन होतं, रोलिंग स्टोन्सच्या तबकड्यांचं वितरण होतं. आणि सोल गाणारी बाई हवी तर साक्षात अरेथा होती. तिचे 'यंग, गिफ्टेड अँड ब्लॅक' आणि 'अमेझिंग ग्रेस' हे दोन्ही अल्बम १९७२चेच.

अशा घरात लव्हेटचं काय करायचं? आधी एक सिंगल काढून पाहिलं. नील यंगचं 'हार्ट ऑफ गोल्ड' त्याच वर्षी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं, ते तिच्याकडून गाऊन घेतलं. चाललं नाही. १९७३मध्ये 'युअर टर्न टु क्राय' काढलं. तेही चाललं नाही. सिंगल चालल्या नाहीत की अल्बमचं गणित तिथेच संपायचं. सगळा हिशेब असा कागदावर बरोबर आहे, आणि तो वाचून संताप येतो तो त्यामुळेच. वादकांचे पैसे देऊन झाले होते, काम पुरं झालं होतं. उरलं होतं ते फक्त छापणं आणि दुकानात पोचवणं.

गाणी वाईट होती म्हणावं, तर 'युअर टर्न टु क्राय' ऐका. जो सायमनने ते आधी गायलं होतं. त्याच्या गळ्यात ते समंजस दुःख आहे. लव्हेट सुरुवातीला जवळजवळ बोलते, मागे हॉकिन्सचे ड्रम्स आपण होऊन मागे राहतात, आणि मग कडव्यागणिक ती इंचाइंचाने वर चढते. शेवटी तिचा आवाज फाटतो. तो फाटू द्यायचा की सावरायचा हे ती अगदी शुद्धीवर राहून ठरवते. जॉन प्राइन या गीतकाराचं 'सूव्हेनियर्स' हे गाणंही तिने या अल्बमसाठी गायलं; त्याच्या स्वतःच्या अल्बमवर ते १९७२ सालीच आलं होतं. गोऱ्या लोकगायकाचं ताजं गाणं उचलून सोलमध्ये आणण्याइतका कान त्या खोलीत कुणाला तरी होता.

मात्र हरवलेल्या गोष्टी सापडल्या की लोक त्यांना थेट देव्हाऱ्यात बसवतात, तसं करायला मी तयार नाही. अल्बम एकसारखा नाही. 'सोल टॅम्बरिन'सारखी गाणी त्या वर्षीच्या रेडिओकडे डोळा ठेवून केलेली आहेत आणि तशीच ऐकू येतात. काही ठिकाणी व्हायोलिनं नकोशी होतात. दोन वर्षांनी हेच शपिरो, याच गावात, मिली जॅक्सनचा 'कॉट अप' घेऊन आले. एका पुरुषाभोवतीच्या दोन बायकांची सलग गोष्ट सांगणारा तो अल्बम गाजला. बांधणी म्हणून तो सरसच आहे. पण गळा म्हणाल तर लव्हेटचा.

जळलेल्या फिती, न जळलेल्या फिती

स्टुडिओतून बाहेर पडलेली फीत कुठे जाते? मूळ फितीवर प्रत्येक वाद्य वेगळ्या पट्टीवर असतं. तिच्यावरून दोन पट्ट्यांची मिश्र फीत होते. छपाईचा साचा त्या मिश्र फितीवरून कापतात. अल्बम निघाला तर हजारो तबकड्या जगभर पसरतात, मग मूळ फितीचं काही झालं तरी गाणं उरतं. न निघालेल्या अल्बमची मात्र सगळी इस्टेट म्हणजे गोदामातल्या कपाटावरचे काही खोके, आणि त्यांच्यावर हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या. चिठ्ठी चुकली की गाणं गेलं.

अटलांटिकच्या फितींचं एक गोदाम न्यू जर्सीत लाँग ब्रँच गावी होतं. फेब्रुवारी १९७८ मध्ये तिथे आग लागली आणि हजारो फिती गेल्या. कंपनीच्या लेखी त्या बहुतांशी निकामी होत्या: न निघालेली गाणी, नाकारलेल्या फेऱ्या, तालमी. 'चाइल्ड ऑफ द सेव्हन्टीज' त्यातच जळाला असं सगळ्यांनी गृहीत धरलं. लव्हेटनेही.

सगळ्यांनी म्हणजे एक जण सोडून. जील पेतार हा फ्रेंच गृहस्थ मुळात जॅझवाला. जुन्या जॅझ कलावंतांची ध्वनिमुद्रणं तारखेच्या क्रमाने, एकही न गाळता सीडीवर आणणारी 'क्लासिक्स' नावाची मालिका त्याने उभी केली होती. तारखेच्या क्रमाने लावणाऱ्या माणसाला मधली रिकामी जागा सहन होत नाही. लव्हेटच्या सिंगल त्याच्याकडे होत्या, आणि १९७२-७३च्या त्या दोन सिंगलमागे काहीतरी मोठं असणार हे त्याला दिसत होतं. त्याने अटलांटिककडे विचारणा लावून धरली. १९९९च्या सुमाराला खोके सापडले. ते जळले नव्हतेच, कपाटावर होते.

यात शौर्य कमी आणि पत्रव्यवहार जास्त होता. हक्क विकत न घेता परवान्यावर घ्यायचे, ठरावीक प्रती काढायच्या, कंपनीला तिचा वाटा द्यायचा. मोठ्या कंपनीला असल्या व्यवहारातून चहापाणी सुटतं, त्यामुळे ती नाही म्हणत नाही. फक्त खोका शोधायला कुणी उठत नाही. पेतारने उठवलं. त्याच्या 'आर्ट अँड सोल' या छोट्या कंपनीने २००० साली 'सूव्हेनियर्स' या नावाने सीडी काढली. त्याच सुमाराला हॉलंडमधल्या युट्रेक्टच्या तिच्या मैफलीचं ध्वनिमुद्रणही बाजारात आलं. म्हणजे चोपन्न वर्षांच्या अमेरिकन गायिकेची दोन्ही प्रशस्तिपत्रं युरोपातून आली. अमेरिकेत २००६ साली ऱ्हायनो हँडमेड या कंपनीने मूळ नावानिशी अल्बम काढला, तोही मर्यादित प्रतींचा.

मधल्या वर्षांत ती गप्प बसली नव्हती. 'बबलिंग ब्राउन शुगर' या संगीतिकेच्या दौऱ्यावर नाचली-गायली. डिस्कोच्या लाटेत एक गाणं केलं. १९८२ साली मोटाउनसाठी 'टेल मी अ लाय' हा तिचा खराखुरा पहिला अल्बम निघाला आणि फारसा गाजावाजा न होता विरला. उरलेला काळ डिट्रॉइटचे छोटे क्लब. याचा हिशेब मांडताना माझं लक्ष अल्बमवरून उडतं. गाणी तर परत मिळाली. पण सत्तावीस ते चोपन्न या वयात, हाताशी उत्तम वादक असताना, हा गळा काय काय गायला असता, त्याची फीत कुठल्याच गोदामात नाही.

हूडचा मुलगा

'सूव्हेनियर्स'ने दार किलकिलं केलं. २००३चा 'अ वुमन लाइक मी', मग २००५ साली जो हेन्रीने केलेला 'आय हॅव गॉट माय ओन हेल टु रेझ', सगळी गाणी स्त्री-गीतकारांची. आणि २००७ साली ती पुन्हा मसल शोल्सला आली.

या वेळी स्टुडिओ रिक हॉल यांचा 'फेम', जिथून ते चौघे एकेकाळी फुटून निघाले होते. साथीला ड्राइव्ह-बाय ट्रकर्स हा रॉक बँड. त्याचा म्होरक्या पॅटरसन हूड म्हणजे बेसवादक डेव्हिड हूडचा मुलगा. १९७२ साली बाप तिच्या मागे वाजवत होता तेव्हा पोरगं आठ वर्षांचं होतं. आता गिटार घेऊन मुलगा उभा, आणि काही गाण्यांसाठी बापही आला. अल्बमचं नाव तिने ठेवलं 'द सीन ऑफ द क्राइम'. गुन्ह्याचं ठिकाण! मुलाला आणि तिला एकमेकांशी जुळवून घ्यायला वेळ लागला. ती आली होती पंचेचाळीस वर्षांचा हिशेब काखोटीला मारून, आणि तरुण पोरांचं कौतुक करायची तिला घाई नव्हती. त्यातलं एक गाणं तिने आणि पॅटरसनने मिळून लिहिलं, तिच्याच लढाईबद्दल. एरवी ती गाणी लिहीत नाही. दुसऱ्याचं गाणं स्वतःचं करून सांगणारी, एवढीच ओळख ती स्वतःची देते.

२००८ साली केनेडी सेंटरच्या समारंभात, 'द हू' या बँडच्या पीट टाउनशेंड आणि रॉजर डॉल्ट्रीसमोर, तिने त्यांचंच 'लव्ह, रेन ओव्हर मी' गायलं. जानेवारी २००९मध्ये लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर, ओबामांच्या शपथविधीच्या आधीच्या समारंभात, जॉन बॉन जोव्हीबरोबर सॅम कुकचं 'अ चेंज इज गॉना कम' गायलं. २०२० साली ब्लूज हॉल ऑफ फेममध्ये तिचं नाव गेलं. डेव्हिड हूड सोडून त्या चौघांपैकी आज कुणी नाही. बेकेट २००९ साली गेले, जॉन्सन २०१९ साली, हॉकिन्स २०२१ साली.

ऐकायचं असेल तर क्रम उलटा ठेवा असं मी सांगेन. 'द सीन ऑफ द क्राइम' आधी. साठीतल्या त्या आवाजात खर्ज आलाय, वरचे सूर गेलेत, आणि शब्द कुठे सोडायचा याचं भान भीती वाटावी इतकं पक्कं आहे. मग १९६५चं 'लेट मी डाउन ईझी', जेमतेम तीन मिनिटांचं. आणि त्यानंतर १९७२चा अल्बम, 'युअर टर्न टु क्राय'पासून. 'सोल टॅम्बरिन' सोडून दिलंत तरी चालेल. 'इट एन्ट ईझी' सोडू नका, तिथे डेव्हिड हूडचा बेस गायिकेच्या अर्धं पाऊल मागे चालतो, आणि तो हेडफोनवरच नीट कळतो, मोबाइलच्या स्पीकरवर नाही.